सूनबाईचं उत्तर

इंदरगंजच्या लॅबमध्ये रक्त काढणारी ती बाई सुई टोचण्याआधी आपले तळवे एकमेकांवर चोळून गरम करायची. तिचं नाव मी कधी विचारलं नाही.

माझ्या सूनबाईला तेव्हा तिसरा महिना होता. डॉक्टरांनी नेहमीच्या तपासण्यांखाली आणखी एक लिहिली होती. "ही कशाची?" मी त्या लॅबवाल्या बाईला विचारलं.

"पुढे बीपी वाढायचा धोका आहे का, त्याचा अंदाज येतो, काकू. धोका दिसला तर डॉक्टर आधीपासून गोळी देतात, लक्ष ठेवतात." मग ती सूनबाईकडे वळली. "घेऊ ना रक्त?"

सूनबाई काही बोलणार, तेवढ्यात मीच म्हटलं, "राहू द्या. हिचं बीपी बिलकुल ठीक आहे. उगाच धास्ती कशाला?"

तिने हातातली रिकामी नळी परत स्टँडमध्ये ठेवली.

सातव्या महिन्यात सूनबाईचं बीपी एकदम चढलं. ती वाचली, बाळ राहिलं नाही. त्या तपासणीने ते टळलं असतं का, हे डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

पुढे माझी शुगर तपासायला मी एकटीच गेले. तिने मला ओळखलं. "सूनबाई कशी आहे? काय झालं, मुलगा की मुलगी?"

मी सांगितलं. हातमोजे चढवता चढवता ती थांबली. खाली बघत म्हणाली, "गलती मेरी है, काकू. मी सूनबाईच्या उत्तरासाठी थांबायला हवं होतं."

चूक तिची नव्हती. ते मी तिथेच म्हणायला हवं होतं. मी नुसती बाही वर सारली आणि हात पुढे केला.