कानात सांगितलेलं नाव

कार्ड आलं तेव्हा मी तिसरीच्या मुलींना शुद्धलेखन घालत होते. शिपाई वर्गाच्या दारात आला, पण आत येईना. कार्डाचा वरचा कोपरा फाडलेला होता. असं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची खबर, हे मजकूर वाचायच्या आधीच कळतं. मला वाटलं, आबा गेले... वर्षभर वडील अंथरुणावरच होते. पण चुलत्यांच्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सगुणाबाई तापाने नवव्या दिवशी वारल्या. तुमच्यासाठी थांबता आले नाही. पोरगे बरे आहे.’ तासगावहून मिळेल ती सर्व्हिस मोटार धरून आणि पुढं बैलगाडीनं मी माहेरी पोचले, तोवर नदीकाठची राखसुद्धा गार झाली होती. माझी वहिनी सव्विसाव्या वर्षी गेली. आज त्याला पाच आठवडे झाले. गावात तिची आठवण निघते ती एकाच शब्दानं, हट्टी. तिचा हट्ट कशासाठी होता, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

ती आटपाडीच्या पलीकडची, दुष्काळी मुलखातली. पंधराव्या वर्षी आमच्या कृष्णाकाठी आली तेव्हा उसाच्या पाटाला खळाळतं पाणी बघून म्हणाली होती, “एवढं पानी असंच जातंय व्हय?” आई तिची लहानपणीच वारली होती. बोलणं कमी. तोंड धुताना दुसऱ्या कुणी तांब्याभर पाणी जास्त ओतलं, तरी तिच्या चेहऱ्यावर ओरखडा उठायचा. माझा थोरला भाऊ हणमंत पलटणीत होता. आमच्याकडे घरटी एक माणूस पलटणीत असतोच, आबाही मागच्या लढाईत जाऊन आलेले. दादा रजेवर आला की वहिनीचं बोलणं वाढायचं. परसात दोघं काहीतरी बोलत हसत असायची आणि माझी आई इकडून उगाच खाकरायची.

एकेचाळीस सालच्या उन्हाळ्यात दादा रजा संपवून गेला, तो पूर्वेकडं कुठंतरी. मागाहून वहिनीला दिवस गेल्याचं कळलं, ते पत्र मीच लिहून दिलं. दिवाळीला मी माहेरी होते तेव्हा त्याचं उत्तर आलं. वहिनीला वाचता येत नव्हतं. चुलीपुढं बसून मी तिला वाचून दाखवलं. शेवटी लिहिलं होतं, ‘मूल झाले की नाव मी आल्यावर ठेवू. तोवर कुणाला ठेवू देऊ नको.’ तिनं ती ओळ मला पुन्हा वाचायला लावली. मग कागद घडी करून चोळीत ठेवला आणि भाकरी थापायला घेतली.

सिंगापूर पडल्याची बातमी गावात आली आणि काही आठवड्यांनी सरकारी कागद आला. तलाठ्यानं वाचून सांगितलं, मिसिंग. म्हणजे बेपत्ता. आबा ओट्यावर बसले होते. ते म्हणाले, “मिशिंग म्हंजी काय ते मला इचारा. मागच्या लढाईत लय मिशिंग बघितल्यात. एकबी माघारी आला न्हाई.” त्यानंतर दोन दिवस त्यांनी अन्न घेतलं नाही. वहिनीला नववा लागला होता. ती रडली नाही, कारण तिच्या लेखी बेपत्ता म्हणजे कुठंतरी असलेला माणूस.

चैत्रात मुलगा झाला आणि नावाचा घोर सगळ्या गावाला लागला. शेजारच्या गंगूकाकू म्हणाल्या, “पोटात असताना बापावर सावट आलंय, धोंडू ठिवा, न्हाईतर दगडू. नाव वंगाळ असलं की काळ फिरकत न्हाई.” जोशीबुवांनी पत्रिका मांडून ‘प’ अक्षर सांगितलं. वरच्या आळीचे पेन्शनीतले हवालदार म्हणाले, सरकार जिंकणार, विजय ठेवा. वहिनीचे वडील आटपाडीकडून शेळी घेऊन आले, लेकीला दूध मिळावं म्हणून. कुलदैवताचं नाव हवं, सिद्धनाथ ठेवा, एवढं ते दबकत म्हणाले, आणि कुणी लक्ष दिलं नाही तेव्हा शेळी बांधायला गेले. आबांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “हणमंत. माझ्या लेकाचं नाव घरातून जायाचं न्हाई.” मुलगा गेलेला बाप बोलत होता. आमच्यात जित्या माणसाचं नाव त्याच्याच घरात मुलाला देत नाहीत, हे सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे दादा गेला, असं त्या नावानं आम्ही सगळे मिळून सांगणार होतो. एवढ्या माणसांत विचारलं नव्हतं ते फक्त वहिनीला.

नाव ठेवायचा मान आत्याचा. मी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची, तासगावला दिलेली, या मानानं फुगून गेलेली. बारशाच्या सकाळी न्हाणीपाशी वहिनीच्या केसांना मी शिकेकाई लावत होते, तेव्हा तिनं माझं मनगट धरलं.

“वन्सं, त्येच्या कानात त्यांचं नाव सांगू नगा.”

“आबांनी ठरवलंय, वैनी.”

“तुमीच कागूद वाचलासा न्हवं? मी आल्यावर ठिवू म्हणल्यात. दुसरं कंचंबी सांगा. धोंडू सांगा, दगडू सांगा. पर त्यांचं नगा.”

मी “बरं” म्हणाले. खरंच म्हणाले. तिच्या केसांतून पाणी गळत होतं आणि मला तिची इतकी दया आली होती की त्या क्षणी मी काहीही कबूल केलं असतं.

दुपारी सोप्यात पाळणा बांधला. घुगऱ्यांची परात भरली, आळीतल्या बायका जमल्या. आबा कधी बायकांच्या कार्यक्रमात येत नसत, त्या दिवशी उंबऱ्याबाहेर येऊन उभे राहिले. पटका बांधलेला, छातीवर जुन्या लढाईचं पदक. मी पाळण्यात वाकले. बायकांनी रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीत बुक्के घालायला सुरुवात केली, हसू उसळलं, कुर्र म्हणून मी बाळाच्या कानाशी तोंड नेलं... आणि मला उंबऱ्यावरचे आबांचे पाय दिसले. अनवाणी होते आणि कापत होते. मी कानात हणमंत सांगितलं आणि उठून मोठ्यानंही हणमंतच म्हणाले. आबांनी डोळ्यांना पटक्याचं टोक लावलं. वहिनी पाटावर बसली होती. ती माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढची चार वर्षं त्या घरात कशी गेली, ते मी येऊन-जाऊन पाहिलं. नवऱ्याचं नाव बायको तोंडानं घेत नाही. त्यामुळे वहिनीला स्वतःच्या मुलालाही हाक मारता येईना. बाकीचे सगळे हणमंता, हणमंता करायचे, ती नुसतं “आरं” म्हणायची. आबांची हाक मात्र खणखणीत. शेतावरून आले की वेशीपासून “हणमंताss” सुरू व्हायचं, जसं ते दादाला बोलवायचे अगदी तसं. त्या हाकेसरशी चुलीपुढं वहिनीचा हात थांबायचा. पळभरच. मग ती भाकरी उलटायची. मी एकदा ते बघितलं आणि नंतर माहेरी गेले की आबांच्या यायच्या वेळी परसात जाऊन बसू लागले.

नाव ठेवल्यावर बायकांना पुढची वाट मोकळी झाली. “पोराला बापाचं नाव दिलं, मग कपाळाला कुंकू कशापायी?” असं गंगूकाकूंनी तोंडावर विचारलं. वहिनी म्हणाली, “मी न्हाई दिलं.” हळदीकुंकवाला तिला बोलवायचं बंद झालं, आणि विधवांच्यातही ती नव्हती. माझी आई नावाच्या बाबतीत आबांच्या बाजूनं होती, पण कुंकवावरून तिनं सुनेला कधी टोकलं नाही. “त्येचं मी बोलायची न्हाई,” म्हणायची आणि करंडा भरून ठेवायची.

लढाई संपली. सेहेचाळीस साली जपान्यांच्या कैदेतली माणसं परत येऊ लागली. दादाच्या पलटणीतला ज्ञानू म्हणून एक शिपाई सांगलीला विश्रामबागेत भावाकडं आल्याचं माझ्या यजमानांना कळलं. मी वहिनीला घेऊन गेले. आबांना चला म्हटलं, तर ते म्हणाले, “मला ठावं हाय ते पुन्यांदा ऐकायला कशाला येऊ?” ज्ञानू खाटेवर बसला होता. वय तिशीचं, पण दात निम्मे गेलेले, पायावर न भरलेल्या जखमा. वहिनी जमिनीवर बसली, पदर पुढं ओढून. त्यानं तिच्या कपाळाकडं पाहिलं आणि मान खाली घातली.

“कवा?” वहिनीनं विचारलं.

“दुसऱ्या पावसाळ्यात, वैनी. हगवण लागली. औषीद न्हवतं.”

दुसरा पावसाळा... म्हणजे त्रेचाळीस. मी मनात महिने मोजले. बारशानंतर सव्वा वर्ष दादा जिवंत होता. पोरगं चालायला लागलं होतं, हणमंत म्हटलं की वळून बघत होतं, तेव्हा.

ज्ञानू सांगत होता. कैदेत दादाला एकच छंद होता, मुलाचं नाव ठरवायचा. मुलगा की मुलगी हेही त्याला माहीत नव्हतं. “रोज येक नाव काढायचा. आमी सगळी मत द्यायचो. ह्ये नगो गड्या, त्ये ठिव. भांडायचो त्येच्यावरनं. पोटात काय नसायचं वैनी, पर नावावरनं भांडायचो.”

“शेवटचं कंचं ठरलं?”

ज्ञानू आठवू लागला. कपाळ चोळलं, डोळे मिटले. मग त्या माणसानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि लहान पोरासारखा रडू लागला. “ध्यानात न्हाई, वैनी. लय नावं हुती. शेवटचं ध्यानात न्हाई.”

वहिनी उठली, कोपऱ्यातल्या माठातलं पाणी त्याला आणून दिलं. तो पीत असताना ती परसात गेली, आणि परत आली तेव्हा कपाळ धुतलेलं होतं.

मोटारीत मी तिचा हात धरला आणि म्हणाले, “वैनी, नाव बदलू या. मी आबांशी बोलते. तुमच्या मनात कोणतं आहे?” “त्या दिशी इचारलं असतंसा तर सांगितलं असतं,” ती म्हणाली. “आता सुचत न्हाई.” त्या सगळ्या वर्षांत मला ऐकवलेलं तिचं तेवढंच एक वाक्य.

मी आबांना ज्ञानूचं सगळं सांगितलं, दुसऱ्या पावसाळ्यासकट. त्यानंतर वेशीपासूनची हाक बंद झाली. तेही नातवाला “आरं” म्हणू लागले. पण नाव बदललं कुणीच नाही, बदलून ठेवायचं कोणतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. पोराला शाळेत घातलं तेव्हा हजेरीत ‘हणमंत हणमंत’ आणि पुढं आडनाव असं लागलं. गुरुजींनी दोनदा विचारून खात्री करून घेतली, आणि वर्गातली पोरं वर्षभर त्याला जोडनावानं चिडवत राहिली.

तेराव्याचं आटोपल्यावर मी त्याला तासगावला न्यायचं ठरवलं. आता सात वर्षांचा आहे, वहिनीसारखाच कमी बोलतो. त्याचे कपडे बांधताना मी म्हणाले, “हणमंता, तुझी पाटी आण.” तो म्हणाला, “आई मला हणमंत म्हणत न्हवती.”

“ठाऊक आहे रे. आरं म्हणायची.”

“न्हाई. दळताना येगळं नाव घ्यायची. ओवीत.”

गावात गिरणी येऊन तीन वर्षं झाली, तरी वहिनी पहाटे घरीच दळायची. पायली-पायली. आई कुरकुर करायची, “कशाला जीव काढतीस?” आम्हाला तोही तिचा हट्टच वाटला होता. जात्याच्या घरघरीत ती काय गाते ते ऐकायला आमच्यापैकी कुणी कधी जवळ गेलं नव्हतं. मांडीवर डोकं ठेवून हा झोपलेला असायचा, त्यालाच तेवढं ऐकू यायचं.

“कोणतं नाव?” माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यानं मान हलवली. “कुनाला सांगायचं न्हाई म्हणलीया. समदी मिळून बदलत्यात.”

ज्या कानात मी ते नाव घातलं, त्याच कानात तिनं दुसरं घातलं होतं, आणि ते विचारायचा हक्क मला नव्हता. तो पाटी आणायला बाहेर गेला. माजघराच्या कोपऱ्यात जातं होतं, कडेला अजून जोंधळ्याचं पीठ चिकटलेलं. मी खाली बसले. खुंट्यावर हात ठेवला, तो तिच्या हातानं गुळगुळीत झालेला. काही विचार न करता दोन फेरे ओढले. दळायला काही नव्हतं, नुसता दगडावर दगड वाजला... अंगणातून पाय वाजले. तो पळत आला, उंबरा ओलांडून आत आला, तोंड उजळलेलं. मग जात्यापाशी मी बसलेली दिसले. तो जागीच थांबला. मी खुंटा सोडला. त्यानं एकदा जात्याकडं बघितलं आणि पाटी माझ्या हातात देऊन बाहेर गेला.