पेंडसे काकांचा आवाजाचा डबा

लखनौत आम्ही मराठी घरं मोजकीच. कोणाकडे काही झालं की रविवारच्या चहापर्यंत त्याचा किस्सा होतो, आणि दोन घरं फिरला की त्याला मीठमसालाही लागतो. आलमबागच्या पेंडसे काकांनी होम थिएटरचा रिसीव्हर आणला तेव्हापासून मसाल्याचा खर्च वाचलाय.

टीव्हीचा आवाज या डब्यातून पाच स्पीकरांत जायचा असतो. पहिल्या दिवशी तो गेलाच नाही. काका रेल्वेतले निवृत्त इंजिनिअर. त्यांनी मागच्या सगळ्या वायरी काढल्या, प्रत्येकीला लेबल चिकटवलं, पुन्हा जोडल्या. दोन तास गेले. मग त्यांची मुलगी मुक्ता कॉलेजातून आली. तिनं समोरचं इनपुटचं बटण 'रेडिओ'वरून 'टीव्ही'वर फिरवलं आणि म्हणाली, "पापा, बस इतना ही था."

"वायरिंग तपासलेलं बरं असतं," काका म्हणाले.

दुसऱ्या दिवशी घरात नियम लागू झाला. इंजिनात ड्रायव्हर सिग्नल मोठ्यानं बोलतो, सहायक तेच परत बोलतो, तसंच इथे. काका बटणाचं नाव पुकारणार, काकूंनी ते परत म्हणायचं, मगच बटण दाबायचं. मी गेलो तेव्हा काकांचा फोन वाजत होता, टीव्ही गरजत होता आणि काका रिमोट धरून "म्यूट, म्यूट" ओरडत होते. काकू गच्चीवर कपडे वाळत घालत होत्या. फोन वाजून वाजून बंद पडला.

"अहो, दाबायचं ना," मी म्हणालो.

"सिग्नल मिळाल्याशिवाय गाडी हलत नाही," काका म्हणाले.

काकूंनी एकदाच एकटीनं हात लावला. डब्यावर आवाज उणे चाळीस दिसत होता. खालचे शुक्लाजी दुपारी झोपतात, म्हणून बिचाऱ्या काकूंनी आवाज कमी करायला चाळीसचे पंधरा केले. उण्यामध्ये आकडा उतरला की आवाज चढतो, हे त्यांना कोणी सांगावं? शुक्लाजी बनियनवरच वर आले. "भाभीजी, बारात किसकी है?"

तेव्हापासून काकूंना डब्याला हात लावायची बंदी. पंचाईत एकच. त्यांची मालिका सातला लागायची आणि काका फिरून यायचे सव्वासातला. डबा बंद की टीव्ही मुका, त्यामुळे रोज पहिला पाव तास बुडायचा. तरी काकूंनी महिनाभर ब्र काढला नाही.

मग मालिकेत लग्नाचा दिवस उजाडला. काकूंनी आम्हा चार घरांना बोलावलं. काका जाताना बजावून गेले, "मी आल्याशिवाय हात लावायचा नाही."

काकूंनी शब्द पाळला. डबा बंदच राहिला. मुक्तानं टीव्हीचा स्वतःचा आवाज चालू करून दिला आणि आम्ही लग्न पहिल्या अक्षतेपासून पाहिलं.

काका आले ते ऐन सप्तपदीत. डब्याचा उजेड डोळ्यांत येतो म्हणून त्यांनीच तो कायमचा मालवून ठेवलेला, त्यामुळे चालू की बंद ते बघून कळायचं नाही. आपला नियम मोडलाय असं समजून त्यांनी डब्याकडे रोखून पाहिलं. आता काकूंचं काही खरं नाही, असं मला वाटलं. पण मग काकांनी डोळे मिटले.

"ऐका, सनई मागून येतेय. याला म्हणतात सराउंड." आम्ही माना डोलावल्या. "जरा मोठा आहे. व्हॉल्यूम कमी!"

"व्हॉल्यूम कमी," काकू म्हणाल्या.

काकांनी डब्याची गोल कळ हळूच फिरवली. काकूंनी उशीखाली टीव्हीचा रिमोट दाबला. आवाज अलगद उतरला.

"बघितलंत?" काका आम्हाला म्हणाले. "हात बसावा लागतो."

"हो ना," काकू म्हणाल्या. "उद्यापासून मीच लावत जाऊ का सातला? तुम्ही आल्यावर नीट करा."