काळूदादांचं वाघोबाचं वळण

दर पौर्णिमेला मी एसटीने हरसूलला उतरते आणि तिथून काळूदादांच्या जीपने घाट उतरून कुलदेवीला जाते. अकरा वर्षं झाली. नदीच्या दरीतून नागमोडी जाणारा हा रस्ता बैलगाड्यांच्या काळातला. त्याची खडी काळूदादांच्या आज्याने फोडलेली.

आज पुढच्या सीटवर त्यांचा मुलगा लखन बसला होता. गाडी निघण्याआधीच त्याने सांगून टाकलं, "बा लय वेळ लावतो, ताई. गिऱ्हाईक दुसऱ्या गाडीत बसतं. आजचा दिवस बघतो, नायतर उद्यापासून चावी माझ्याकडं."

चाळीस वर्षं हातात असलेलं स्टेअरिंग, त्याच्यावरून काळूदादांनी नुसता फडका फिरवला.

वाघोबाच्या वळणावर एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला खोल दरी. पलीकडचं काहीच दिसत नाही. तिथे शेंदूर लावलेला दगड आहे. नेहमीप्रमाणे दादांनी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. नेहमीप्रमाणे मीही हात जोडून मोठ्याने स्तोत्र सुरू केलं. माणूस किती भाविक, असं दर वेळी मनात यायचं. शेजारणींनाही मी तसंच सांगत आले.

"झोप लागली काय, बा?" लखन म्हणाला. "हाच तुझा उशीर!"

"गप रं." मग दादा मागे वळले. "ताई, रागावू नका. आज वारं उलटं हाय. देवाचं जरा मनात म्हणा. ऐकू येत नाय."

मी चपापून गप्प झाले. खाली नदीचा आवाज, आणि त्यात अगदी बारीक घरघर.

"भरलेली गाडी चढतीय. आत्ता गिअर टाकला तिनं." दादांनी जीप चालू केली आणि मागे रुंद जागेपर्यंत नेऊन कड्याला चिकटवली.

मिनिटभरात गवताने भरलेला ट्रक अख्खं वळण व्यापून बाहेर आला. हॉर्न नाही, काही नाही. गवत आमच्या आरशाला घासून गेलं. आम्ही पुढे असतो तर? मी पदर घट्ट धरला.

"हॉर्न का नाय मारला त्यानं?" लखनने ट्रककडे वळून बघत विचारलं.

"बिघडला आसंल. घाई झाली आसंल. त्याच्या हॉर्नच्या भरवशावर माझी माणसं बसवू का?"

म्हणजे अकरा वर्षं हे थांबणं ऐकण्यासाठी होतं, आणि मी त्यांच्या कानाशी स्तोत्र म्हणत होते! एकदाही त्यांनी मला टोकलं नाही.

खाली उतरल्यावर गाडीतल्या एका बाईने विचारलं, "उद्या गाडी कोण आणणार?"

"बाच," लखन म्हणाला. "मी शेजारी बसंन."

मी दादांना विचारलं, "मग तुम्ही वाघोबाला हात कधी जोडता?"

ते हसले. "इथं, ताई. वर हात मोकळं कुठं असत्यात?" आणि वळणाच्या दिशेने त्यांनी हात जोडले.