मान तुटलेलं बदक

टोपी बाजारातल्या गेमच्या दुकानात ती मला एकदाच भेटली. नाव मी विचारलं नाही. नव्या गेमच्या कव्हरवर एक निळी भिंत होती आणि धूळ नसतानाही ती त्या भिंतीवरून पुन्हा पुन्हा अंगठा फिरवत होती.

“दीदी, ये आपकी गेमिंग मशीन पे नहीं चलेगा,” दुकानदार म्हणाला. “गेम बनानेवाला स्टुडिओ बिक गया ना. अब सिर्फ नई कंपनी की मशीन पे चलता है.”

“मालूम है. तभी तो मुझे निकाला.”

मी फोनवर मराठी बोलत होतो, ते ऐकून ती माझ्याकडे वळली. “ही भिंत मी काढलीय. इथेच थाटीपुरात घरी बसून, दोन वर्षं. आपल्या किल्ल्यावरच्या महालाच्या भिंतीवर निळ्या टाइलांत बदकं आहेत ना, तीच. एकाची टाइल फुटून मान गेलीय ना, तेही तसंच ठेवलं.”

माझं डोकं फिरलं. स्टुडिओ विकत घ्यायचा, माणसं हाकलायची आणि त्याला पुनर्रचना म्हणायचं.

“पुरानी मशीन दे दो, एक्सचेंज में नई ले जाओ,” दुकानदार सवयीनं म्हणाला.

तिनं कव्हर पालथं ठेवलं. “राजानं लावलेली बदकं रस्त्यावरून कुणालाही दिसतात. माझी बघायला मी त्यांचंच मशीन घ्यायचं?”

ती निघून गेली. माझ्याकडे त्यांचंच मशीन आहे, हे मी तिला सांगितलं नाही. आठवड्यानं गेम आणला आणि ती भिंत शोधली. बदकं आहेत. त्या एकाला त्यांनी नवी मान बसवली आहे.