हात हलवू नकोस

माझ्या मुलीने मला न विचारताच माझं नाव देऊन टाकलं. तिच्या शाळेत खेळ शिकवायला एक अमेरिकन शिक्षक आला होता. त्याला रोज सकाळी अर्धा तास समोर बसून बेसबॉल पकडणारं कुणीतरी हवं होतं, आणि आमच्या बाईसाहेबांनी वर्गात हात वर करून सांगितलं, "माय डॅड इज अ विकेटकीपर." ठाण्यात कॉलेजच्या टीममध्ये मी विकेटकीपिंग करायचो हे खरं. पण त्याला वीस वर्षं झाली होती, आणि तेवढ्या काळात दुबईच्या ऑफिसात एसीची कोटेशनं करत बसून मी बऱ्यापैकी पोट कमावलं होतं.

"चष्मा लागलाय तुला. दात पाडून घेशील," बायको म्हणाली. ती असं म्हणाली म्हणूनच मी गेलो.

साडेपाचला अल मनखूलमधल्या घरून निघायचं आणि ऊन तापायच्या आत शाळेच्या मैदानावरून परतायचं. त्याचा पहिला चेंडू मला दिसलाच नाही. ग्लव्हमध्ये फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि डाव्या हाताला कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. जन्मभर क्रिकेट बघत आलोय मी, पण माणसाच्या हातातून असं काही सुटू शकतं हे मला त्या दिवशी कळलं. दिवसभर ऑफिसात तो हात कीबोर्डवर चालेना आणि मी मूर्खासारखा खूश होतो.

तो एकोणचाळीस वर्षांचा होता. अकरा वर्षं तो अमेरिकेतल्या लहान लहान गावांच्या संघांतून खेळला, मोठ्या लीगच्या खालच्या पायऱ्यांवर. काम रिलीफ पिचरचं. म्हणजे आधीच्या चेंडू फेकणाऱ्याने घोळ घालून ठेवला की तो निस्तरायला मध्येच आत जायचं. तोवर कुंपणापाशी बाकावर बसून राहायचं. बाकापाशी प्रशिक्षकाचा फोन वाजला की चार चेंडू टाकून हात गरम करायचा, पुन्हा वाजला की गुपचूप बसायचं. एकदा मोठ्या लीगच्या संघाने त्याला चार दिवसांसाठी बोलावलं. चार दिवसांत त्याने दोनदा हात गरम केला आणि एकदाही आत गेला नाही. पाचव्या दिवशी परत धाडला. हे सगळं त्याने बुटाची लेस बांधता बांधता सांगितलं. माझं ऑफिसातलं प्रमोशन दोन वर्षांपूर्वी हुकलं, ते मी अजून लिफ्टमध्ये भेटेल त्याला ऐकवतो.

मला तो एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवायचा. विकेटकीपर चेंडूबरोबर हात मागे घेतो, नाहीतर बोटं जातात. बेसबॉलमध्ये मात्र हात जागच्या जागी थांबला पाहिजे. इथे स्टंप नसतात, हवेतली एक चौकट असते. चेंडू चौकटीत आला की स्ट्राइक, बाहेर गेला की फुकट. ते ठरवणारा अंपायर पकडणाऱ्याच्या मागेच उभा असतो, आणि काठावरच्या चेंडूला ग्लव्ह जरा जरी बाहेर सरकला की तो चेंडू बाहेरचाच धरतो. तीन महिन्यांत माझा हात थांबायला शिकला, अशी माझी समजूत झाली.

मग इथे दुबईत बेसबॉलचा एक नवा संघ उभा राहू लागला. रिलीफ पिचरची एकच जागा होती आणि निवडीला दोघं होते, हा आणि पंचविशीतला एक डावखुरा. "यानंतर मला कुणी बोलावणार नाही," तो मला एकदाच म्हणाला. शाळेला सुट्टी होती. मी रजा टाकली आणि मुलीला घेऊन त्याच्याबरोबर गेलो.

संघाचा पकडणारा शारजाच्या ट्रॅफिकमध्ये अडकला होता. प्रत्येकाच्या वीस चेंडूंत किती स्ट्राइक ते मोजायचं होतं आणि निवड करणाऱ्यांना थांबायला वेळ नव्हता. मैदानावरच्या माणसाने माझ्याकडे बोट दाखवलं. "यल्ला, इसको बिठाओ."

मी बसलो. त्याचा पहिला चेंडू बरोब्बर काठावर आला, आणि माझा हात वीस वर्षांपूर्वीच्या सवयीने चेंडूबरोबर मागे आणि बाहेर गेला. अंपायर म्हणाला, बाहेर. दुसरा बाहेर. तिसरा, चौथा. चारही चेंडू चांगले होते आणि चारही मी घालवले. मला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

तो चालत माझ्यापाशी आला. मी माफी मागू लागलो, ती त्याने ऐकलीच नाही.

"चेंडूकडे बघू नकोस, माझ्या टोपीकडे बघ," तो म्हणाला. "ग्लव्ह वाटेल तिथे धर आणि हात हलवू नकोस. मी आणून देतो."

मी ग्लव्ह धरला आणि टोपीकडे बघितलं. चेंडू ग्लव्हमध्ये आला. मी ग्लव्ह गुडघ्यापाशी धरला, तिथे आला. पलीकडे धरला, तिथे आला. सोळाच्या सोळा. मी एकही पकडला नाही, त्याने ते माझ्या हातात ठेवले. अंगावर काटा आला माझ्या. एवढं ज्याला येतं तो माणूस अकरा वर्षं बाकावर बसून होता!

मग डावखुऱ्याची पाळी आली. माझा तळहात सुजून मिटेना. "दे इकडे," म्हणून त्याने माझा ग्लव्ह आणि मुखवटा घेतला आणि स्वतः बसला. त्याच जागेसाठी आलेल्या पोराचे चेंडू पकडायला! मी जाळीशी उभा राहून बघत होतो. पोराचे बरेचसे चेंडू काठावर येत होते आणि प्रत्येक वेळी ग्लव्ह तिथेच थांबत होता, केसभरही न हलता. स्ट्राइक. स्ट्राइक.

जागा डावखुऱ्याला मिळाली. दोघांत चारच चेंडूंचा फरक होता, असं निवड करणाऱ्यांनी आम्हाला सांगितलं.

त्याने पोराशी हात मिळवला, पाठीवर थाप दिली आणि गाडीत येऊन बसला. मी मात्र भडकलो होतो, त्याच्यावर नि त्याहून जास्त स्वतःवर. "हात जरासा हलवला असतास तर कुणाला कळणार होतं? माझ्यासारख्या गाढवाच्या हातून चार गेले, तुझ्या हातून एखादा गेला असता!"

मी काय म्हणतोय ते त्याला खरंच कळलं नाही.

"पण ते स्ट्राइक होते," तो म्हणाला.

मी किल्ली फिरवली, पण गाडी काही पुढे नेता येईना.

"बाबा, आर यू क्रायिंग?" मागच्या सीटवरून मुलीने विचारलं.

"हो," मी म्हणालो.