गाडी बंद करायच्या आधी

अप्पांची पिकअप घरासमोर येऊन थांबली, की लगेच बंद व्हायची नाही. दोन मिनिटं तशीच घुरघुरत उभी. मी आठवीत असताना त्यांनी ती घेतली, तेव्हा मुखेडच्या मिस्त्रीनं बजावलं होतं, की लांबून दामटून आणली की टर्बो लालबुंद तापलेला असतो. इंजिन चालू असेपर्यंत ऑइल फिरून त्याला थंड करतं. थांबल्याबरोबर चावी फिरवली, तर ऑइल जागीच जळतं आणि टर्बो जातो. अप्पांनी ते एखाद्या व्रतासारखं पाळलं. पाऊस असो, दारात पाहुणे असोत, दोन मिनिटं म्हणजे दोन मिनिटं.

अप्पा तसे घुमे. घरात त्यांचं बोलणं म्हणजे 'हाव' आणि 'न्हाई', त्यातही 'न्हाई' जास्त. पण त्या दोन मिनिटांत ते बोलायचे. गाडीचा आवाज आला की मी धावत जाऊन डावीकडच्या दारानं वर चढायची, आणि ते समोरच्या काचेकडं बघत सांगायचे: माहूरच्या घाटात देवीला निघालेल्यांची जीप अडकली होती, हिनं ओढून वर काढली बघ. इंजिनच्या आवाजात घरातल्यांना काही ऐकू जात नसे, म्हणूनही बोलत असतील. गणितात नापास झाल्याचं मी तिथंच सांगितलं होतं. आई दारातून ओरडायची, "उतरा की आता! का ताट गाडीतच आणू?" मग अप्पा चावी फिरवायचे आणि पुन्हा गप्प. मला त्यानंतरची शांतता मुळीच आवडायची नाही.

लग्न होऊन मी लातूरला गेले आणि चार वर्षांनी परत आले. का, ते इथं लिहिणार नाही. अजून कुणालाच नीट सांगितलेलं नाही. फोनवर अप्पांना एवढंच म्हटलं, "मला न्यायला या." दुसऱ्या दिवशी सकाळी ते हजर. माझं कपाट आणि शिलाई मशीन त्यांनी स्वतः दोरानं बांधलं, माझ्या सासऱ्यांना नमस्कार केला आणि आम्ही निघालो.

वाटेत ते काही बोलले नाहीत. मीही नाही, शेवटी त्यांचीच लेक. अहमदपूरला चहा घेतला, तोही मुकाट. मला एकच गोष्ट कळायला हवी होती: मी परत आलेली यांना चालणार आहे का? मनाशी म्हटलं, दारात गेल्यावर सांगतील. ती दोन मिनिटं आहेतच.

दारात गाडी थांबली आणि अप्पांनी तत्क्षणी चावी फिरवली.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा. समोर आई उभी, शेजारच्या दोघी उभ्या, मी पदर सावरत खाली उतरले. मिळालं उत्तर, असं मी समजले.

पुढं सहा वर्षं मी तेच धरून बसले. त्याच घरात राहिले, पुढच्या खोलीत शिलाईचं दुकान टाकलं, त्यांना चहा दिला, जेवायला वाढलं, पण मन काही उघडलं नाही. संध्याकाळी गाडी आली तरी मशीनवरून उठायची नाही. बाहेर ते दोन मिनिटं एकटेच बसायचे आणि आत माझी शिलाई वाकडी जायची. जाऊन त्यांच्या शेजारी बसावं असं किती वाटायचं! पण माझी अकडही काही कमी नव्हती.

गेल्या वर्षी पिकअप विकली. घेणारा देगलूरचा होता. त्यानं एक फेरी मारून आणली आणि थांबताच बंद केली. अप्पांचा चेहरा कसनुसा झाला. तो गाडी घेऊन गेल्यावर मला राहवलं नाही. अप्पांना आता फार कमी ऐकू येतं. सगळा जन्म डिझेल इंजिनाशेजारी बसण्यात गेला. दोनदा विचारावं लागलं, दुसऱ्यांदा चांगलं मोठ्यानं.

"मला आणलं त्या दिवशी गाडी लगेच का बंद केली?"

त्यांना आठवायलासुद्धा वेळ लागला नाही.

"तापलीच नव्हती, माय," ते म्हणाले. "लातूरपासून चाळीसच्या वर नेलीच न्हाई म्या. तू बोलशील, आता बोलशील, म्हणून हळूहळूच आणून राहिलो व्हतो."

मी तिथंच ओट्यावर त्यांच्याजवळ बसले. तेव्हापासून रोज बसते. सांगायचं सगळं ओठांवर असतं, आणि तेही माझ्याकडं बघत असतात. पण त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललं, तर अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. या गोष्टी ओरडून सांगता येत नाहीत.