फुटक्या फळीची मांडणी

किस्से कसे साठतात ते माझ्या पलंगाखाली वाकून बघा. वाकडे खिळे, दोऱ्याची रिकामी रिळं, बिनझाकणाचे डबे. टाकायचं म्हणून बाहेर काढतो, हातात घेतलं की कुणाचं काय होतं ते आठवतं, आणि परत ठेवतो.

हे सगळं पिंपरीचं, पन्नास सालानंतरचं. कारखाने नुकते उभे राहत होते. मशीनं लाकडी खोक्यांतून यायची आणि आम्ही कामगार एकेका खोलीत संसार करायचो. रविवारी माझ्या ओट्यावर जमून टाकाऊ सामानातून मांडण्या, फळ्या, खुंट्या बनवायचो. नियम माझा. काही विकत आणायचं नाही, खिळासुद्धा. खोक्यातला उपसायचा, दगडावर ठोकून सरळ करायचा. मी दुसरी शिकलो, पण माझ्या हातची मांडणी कधी डगमगली नाही.

*

पहिली फजिती माझीच. कँटीनने टाकलेले तेलाचे अकरा डबे मी घासून, झाकणं बसवून ओळीने लावले. सगळे एका मापाचे. बायको म्हणाली, "तूरडाळ कुठली आणि तांदूळ कुठला?"

तिला वाचता येत नव्हतं. मी प्रत्येक डब्यावर आतल्या जिनसाचे चार दाणे खळीने चिकटवले. आठ दिवसांनी विचारलं, "आता सापडतं ना?"

"मिरची सापडते," ती म्हणाली. "बाकीच्या पाट्या उंदीर वाचून गेले."

*

गणपत आमच्याच शिफ्टला. पिंपरी गावातला, शेतकऱ्याच्या घरचा. त्याने सायकलचं मोडकं चाक चुलीवरच्या आढ्याला आडवं टांगलं आणि त्याला तारेचे आकडे लावून पळ्या, उलथनी, झारे अडकवले. चाक फिरतं ठेवलं, म्हणजे बसल्या जागी हवं ते पुढे येईल.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने मला रस्त्यात गाठलं. "नाना, तुमीच शिकवलं न्हवं ह्याला? पळीला हात घातला की झारा म्होरं येतो. आमी भाकरी थापावी का जत्रंतला पाळणा फिरवावा?"

चाक उतरलं. गणपतने ते परत सायकलला लावलं. तिथेही ते वाकडंच फिरायचं.

*

पांडुरंग माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. त्याचं लग्न मीच जमवलं. सासरे भिकोबा खडकीचे. लष्करी मेसमध्ये साहेबांची भांडी धुण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. त्यांनी एकच विचारलं होतं, "मुलगा पितो का?" मी शब्द दिला, थेंब घेत नाही. ते खरंही होतं.

लग्नानंतर दोन महिन्यांनी भिकोबा खोली बघायला आले. भांडी जमिनीवर, कपडे दोरीवर, पीठ उंदरांनी सांडलेलं. पाणीही न घेता म्हणाले, "पागोटं अडकवायला खुंटी नाही, तिथं माझी लेक राहणार?" आणि सुशीलेला घेऊन गेले. घर लागलं की एकदा आणून दाखवीन, मग ठरवीन, असं सांगून गेले.

पांडुरंग जेवेना. मी म्हटलं, "रडू नकोस. लाकूड आण."

*

कारखान्यातून लाकूड न्यायला चिठ्ठी लागायची, आणि चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, फक्त फुटक्या फळ्या. पांडुरंगला एक रुंद, अखंड फळी मिळाली. गेटवर पहारेकऱ्याने अडवलं. "ही फुटकी कुठंय?"

पांडुरंगने फळी गुडघ्यावर घेतली आणि मोडली.

पहारेकरी म्हणाला, "हां, आता जा."

*

ती फळी मी जोडली. तिच्यावर काळ्या रंगात उंच दांड्याच्या पेल्याचं चित्र छापलेलं होतं, आणि मोड बरोबर त्यातून गेलेली. मी रेघेला रेघ जुळवली. जोड दिसेना. चांगली नक्षी म्हणून ती बाजू पुढे घेतली आणि फळी पांडुरंगच्या मांडणीत मधोमध उभी बसवली. आत नाजूक माल आहे हे सांगायला खोक्यावर तो पेला छापतात, हे मला फार पुढे कळलं. शेजारच्या भिंतीला रिळांच्या चार खुंट्या ठोकल्या.

भिकोबा सुशीलेला घेऊन आले. तिची ट्रंक त्यांच्याच हातात. मी, गणपत, पांडुरंग दाराशी उभे. भिकोबांनी डबे पाहिले, भांडी पाहिली आणि पेल्यापाशी थांबले.

"असले पेले मी वीस वर्षं धुतले," ते म्हणाले. "त्यात काय ओततात ते मला सांगू नका. नाना, तुम्ही शब्द दिला होता."

गणपत मध्ये पडला. "मामा, समई हाय ती."

"समई? मग वात कुठंय?"

भिकोबा ट्रंक घेऊन दाराकडे वळले. "चल, सुशीले."

सुशीला हलली नाही. तिने मांडणीवरची कुंकवाची डबी उघडली, बोट ओलं करून कुंकवात बुडवलं, आणि पेल्याच्या काठावर एक लालभडक ज्योत काढली. मग हात जोडले.

"आबा, दिवा लागला," ती म्हणाली. "पागोटं काढा."

भिकोबा दारातून मागे वळले. मग ट्रंक खाली ठेवली आणि पागोटं काढून रिळाच्या खुंटीला अडकवलं.

मी खुंटीकडे बघत होतो. हलली नाही.